टाकलेल्या बाईचा धर्म कोणता?

२५ डिसेंबर १९२७. सावित्रीच्या खाडीतून ‘पद्मावती’ बोट दासगावच्या बंदराला लागली. बाबासाहेब उतरले. रस्त्यानं यावं तर मोटारवाले गाडीत घेतील याची खात्री नव्हती, म्हणून पाण्याची वाट धरली होती. दासगावपासून पाच मैल पायी महाड. त्याच रात्री महाडला मनुस्मृती जाळली. हा इतिहास आपल्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

पण त्या रात्री नेमकं काय जळालं, हे विचारलं तर आपण अर्धंच सांगतो. जातीचा कायदा जळाला म्हणतो. बरोबर आहे. पण त्याच बाडाच्या नवव्या अध्यायात बाईचाही कायदा होता. नवऱ्यानं बायको विकली किंवा टाकून दिली तरी ती त्याच्यापासून सुटत नाही, असा. त्याच्या आधी पाचव्या अध्यायात सांगून ठेवलंय की नवरा कसाही बदचाली असो, बाईनं त्याला देवच मानायचं. १९५१ साली हिंदू स्त्रीची पडझड कुणी केली यावर लेख लिहिताना बाबासाहेबांनी नवव्या अध्यायातलं ते कलमच पुढे ठेवलं. म्हणजे २५ डिसेंबर हा बाईच्याही सुटकेचा दिवस. म्हणूनच कित्येक संघटना तो स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात.

आणि त्याच दिवशी नाताळ असतो.

दोस्तांनो, हा लेख मी भांडणातून लिहितोय. माझी आते, बापाची थोरली बहीण, दासगावची. नवरा दारू पिऊन मारायचा. एकदा हाताचं हाड मोडलं. भावकी बसली, पंच बसले, सोडचिठ्ठी झाली. आते मुंबईला गेली, धुणीभांडी केली. तिथं एका चाळीतल्या खोलीत रविवारी प्रार्थना व्हायची, तिकडे जायला लागली. पुढे बाप्तिस्मा घेतला. आता परत गावी आहे. दर २५ डिसेंबरला सकाळी प्रार्थना करते नि दुपारी आमच्याबरोबर महाडला क्रांतिस्तंभाला येते. आपल्यातली काही पोरं तिला तोंडावर म्हणाली, ‘फितूर. पावाच्या तुकड्यासाठी बाटली.’

पहिल्यांदा ‘बाटली’ या शब्दाचा निकाल लावू. हा शब्द कुणाच्या कोठारातला? ज्यांना आपल्या सावलीचा विटाळ व्हायचा त्यांच्या. त्या विटाळावर ह्याच दासगावात राहून गोपाळबाबा वलंगकरांनी हत्यार उपसलं. पलटणीतून पेन्शन घेऊन ते इथं आले नि १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं. त्यांच्या गावात उभं राहून आपण एका मार खाल्लेल्या बाईला बाटली म्हणतो, याची लाज वाटायला पाहिजे.

आता मुद्दा. आते तिकडे का गेली? मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, ‘भावकीत समद्यांनी इचारलं, तुझं काय चुकलं. तिथं पयल्यांदा कुणीतरी इचारलं, तुला दुखतंय कुठं.’

या एका वाक्याचा इतिहास मी शोधत बसलो. कॉलेज पाहिलेलं नाही. पाळी सुटली की वाचनालय, एवढंच माझं शिक्षण. जे सापडलं ते मांडतो.

आपले लोक छाती फुगवून सांगतात की बामणांच्या बायका सती गेल्या, केस भादरून बसल्या, आपल्यात मात्र काडीमोड होती, पाट होता. खरं आहे. हिंदू कोड बिलाच्या वेळी बाबासाहेबांनी हेच सांगितलं की नव्वद टक्के हिंदू शूद्र आहेत नि त्यांच्यात घटस्फोटाची रीत आहेच, मग विरोध कसला? पण रीत असणं वेगळं नि हक्क असणं वेगळं. काडीमोड पंचांच्या हातात. पंच सगळे बाप्ये. देज परत कुणी करायचं, दंड किती, पोरं कुणाकडे, यावर बोलणं व्हायचं. बाईच्या पाठीवरचे वळ मोजायला कुणी बसायचं नाही. काडी मोडली की बाई सुटली, पण बरी झाली नाही. बापाच्या घरात ओझं, गावात ‘टाकलेली’. नवऱ्याला मात्र ‘टाकणारा’ असं नाव कुणी ठेवत नाही.

मिशनरी आपल्याकडे कालचे नाहीत. १८२३ सालीच स्कॉटिश मिशनरी सावित्रीच्या मुखाशी बाणकोटला येऊन राहिले, शाळा काढल्या. त्याच खाडीवर वर दासगाव. पुढे त्यांनी मुक्काम पुण्या-मुंबईकडे हलवला. तेव्हा धर्माची बोट नि बाबासाहेबांची बोट एकाच पाण्यातून आल्या, शंभर वर्षांच्या अंतरानं.

टाकलेल्या, फसवलेल्या बाईला छप्पर देण्याचं काम मात्र आधी आपल्याच माणसानं केलं. १८६३ साली जोतीबा-सावित्रीमाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. बाईनं गुपचूप यावं, बाळंत व्हावं, कुणी तिला नाव विचारणार नाही. ‘तुझं काय चुकलं’ हा सवालच त्या दारात नव्हता. हे धागे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता पंडिता रमाबाई. बामणीण होती, हे मीच आधी सांगून टाकतो. १८५८ चा जन्म. आईबाप दुष्काळात गेले. शास्त्र तोंडपाठ. १८८० साली तिनं बिपिन बिहारी मेधावी या शूद्र म्हटल्या गेलेल्या बंगाली वकिलाशी लग्न केलं. दोन वर्षांत तो वारला. तिला नवऱ्याचा जाच झाला नव्हता. पण तिनं शास्त्रं वाचली होती. पुढे तिनं लिहिलं की ही पुस्तकं एकमेकांशी भांडतात, पण बाईला हलकं ठरवण्यात सगळ्यांचं एकमत. आणि शूद्राची गतही तिला तशीच दिसली. मनुस्मृतीला काडी लागायच्या कितीतरी आधी एका बाईनं ती आतून ओळखली होती.

१८८३ साली ती इंग्लंडला गेली. तिथल्या जोगिणींनी तिला लंडनच्या फुलहॅम भागातलं एक घर दाखवलं. समाजानं ‘बिघडलेल्या’ म्हणून फेकलेल्या बायांना तिथं मायेनं सांभाळत होते. रमाबाई चक्रावली. आपल्याकडं अशा बाईला दगड मारतात, ही माणसं हिला जवळ का करतात? तेव्हा एका जोगिणीनं तिला योहानाच्या पुस्तकातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

महाडच्या पोराला ही गोष्ट समजावून सांगायला नको. एक विहीर आहे. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नाहीत. भर दुपारी एक शोमरोनी बाई पाण्याला आलीय. पाच नवरे झालेले, आता ज्याच्याकडे राहते तो नवरा नाही. ते पाच मेले की टाकून गेले हे पुस्तकात नाही, पण ऐकणारा बोट बाईकडेच करतो. तिथं बसलेला यहुदी येशू तिच्याच हातचं पाणी मागतो. आणि त्या बाईशी धर्मावर बोलत बसतो. पाणी, शिवाशीव आणि टाकलेली बाई, तिन्ही एका विहिरीवर. त्याच सालच्या २९ सप्टेंबरला वाँटेज गावी रमाबाईनं बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात गहजब झाला. पण जोतीबा तिच्या बाजूनं उभे राहिले. १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांनी तिची नि ताराबाई शिंद्यांची पाठराखण केली. ख्रिस्ती झालेल्या बाईशी कसं वागायचं, याचा आपला दाखला हा. आणि रमाबाईही कुणाची मिंधी झाली नाही. वाँटेजच्या जोगिणींनी चर्चची आज्ञा पाळायला सांगितली, तेव्हा तिनं कळवलं की भटांचं जू मोठ्या मुश्किलीनं उतरवलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही.

गोष्ट ऐकून जखम भरत नाही, हेही तिला कळलं होतं. ११ मार्च १८८९ ला तिनं मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या साली पुण्याला नेलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी बायापोरी आणून केडगावला वसवल्या. तिथलं मुक्ती मिशन ते हेच. पुढच्या दुष्काळानंतर तिथं दोन हजारांच्या आसपास माणूस होतं. बिघडलेल्या म्हणून हाकललेल्यांसाठी कृपा सदन वेगळं. तिथं प्रार्थना होती, पण नुसती प्रार्थना नव्हती. शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, अक्षर होतं.

मी साच्यावर काम करतो. ताण्याचा धागा तुटला की साचा थांबवावा लागतो, मगच गाठ मारता येते. चालत्या साच्यात गाठ मारायला गेलात तर बोटं जातील. बाईचंही तसंच. मार थांबला पाहिजे, डोक्यावर छप्पर पाहिजे, हाताला काम पाहिजे, मग मन सांधायचं. केडगावला हे सगळं एका आवारात होतं. म्हणून तिथल्या देवाचा गुण आला, असं माझं म्हणणं. देवाला बाजूला काढा म्हणत नाही. ज्या बाईला तो भेटला तिला विचारा.

आता दुसरी बाजू, कारण मी पाद्र्याची वकिली करायला बसलेलो नाही.

रखमाबाई सुतार जातीची, मुंबईची. अकराव्या वर्षी लग्न लावलं. मोठी झाल्यावर ती नवऱ्याकडे नांदायला गेलीच नाही. १८८४ साली नवऱ्यानं कोर्टात खेचलं. आधी ती जिंकली. पण मार्च १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद. ती म्हणाली, कैद चालेल. रमाबाईनं त्याच साली अमेरिकेत छापलेल्या पुस्तकात तिची कैफियत मांडली. १८८८ साली दोन हजार रुपये मोजून तिनं सुटका घेतली, लंडनला जाऊन डॉक्टर झाली, सुरत-राजकोटला बायांची दवाखान्यात सेवा केली. ती काही ख्रिस्ती झाली नाही. म्हणजे सावरण्याची किल्ली एकाच धर्माच्या कनवटीला नाही.

उलट ख्रिस्ती बाईलाच कायद्यानं जास्त बांधलं होतं. १८६६ चा एक कायदा होता. ख्रिस्ती झाल्यामुळं जोडीदारानं सहा महिने टाकलं तर लग्न मोडून मागता यायचं. पण मार खाल्ला म्हणून नव्हे. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार तेवढा दाखवला की पुरे. बायकोला मात्र नवऱ्याचा व्यभिचार आणि वर छळ किंवा टाकणं असं दुहेरी सिद्ध करावं लागायचं. नुसत्या मारहाणीवर सुटका नाही. शोमरोनी बाईला जवळ करणाऱ्याच्या नावानं चालणाऱ्या समाजात हा कायदा २००१ पर्यंत टिकला.

आणि जात? चर्चमध्येही जात गेली नाही, मिशनऱ्यांनी ती चालू दिली, असा बाबासाहेबांचा स्पष्ट आरोप आहे.  शिवाय १९५० च्या आदेशाप्रमाणं अनुसूचित जातीची सवलत हिंदू, शीख, बौद्धांपुरती. शीख १९५६ ला घातले, बौद्ध १९९० ला. आपली बाई ख्रिस्ती झाली तर कागदावर तिची जात जाते, गावात जात नाही. नवऱ्यानं टाकली, भावकीनं टाकली, मग सरकारनं टाकली. पावाच्या तुकड्यासाठी गेली म्हणणाऱ्यांनी हा तोट्याचा हिशेबही करावा.

बाबासाहेबांचं मोठेपण इथं आहे. कुणाची दया आली तर बाई सुटेल, हे त्यांनी मोडलं. सुटका कायद्यात लिहा म्हणाले. हिंदू कोड बिल अडवलं तेव्हा १९५१ साली मंत्रीपद सोडलं. त्याच बिलातून १९५५ चा विवाह कायदा निघाला; तो आपल्या बौद्धांनाही लागू आहे. छळ हे घटस्फोटाचं कारण व्हायला मात्र १९७६ ची दुरुस्ती लागली. घरातल्या मारहाणीविरुद्ध कायदा २००५ चा. आज बाईला पंचांचं तोंड बघायची गरज नाही.

पण कायदा दार उघडतो, जवळ घेत नाही. आपल्या धम्मात याचीही परंपरा आहे. थेरीगाथेत इसिदासीची कहाणी आहे. तिला एकामागून एक तीन नवऱ्यांनी नाकारलं. अशी बाई भिक्खुणी संघात आली, नि स्वतःच्या तोंडानं आपली हकीकत सांगून गेली. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी टाकलेल्या बाईला बसायला जागा नि बोलायला तोंड देणारा संघ आपला होता. मग आज आपल्या विहारात ती जागा कुठाय? जयंतीची वर्गणी होते, डीजे येतो, कमान लागते. रात्री अकरा वाजता मार खाऊन आलेल्या बाईला विहाराची किल्ली कुणाकडे मागायची, हे वाडीत कुणाला माहीत आहे?

आते फितूर नाही. आपण ज्या खोलीचं दार उघडायला विसरलो, तिच्या शेजारचं दार तिनं ठोठावलं. ते उघडलं. एवढाच इतिहास.

तेव्हा दासगाव, महाड, पोलादपूरच्या पोरांनी यंदा एवढं करावं. प्रत्येक विहाराची एक किल्ली वाडीतल्या शहाण्या बाईकडे द्या. तालुक्याच्या कोर्टात फुकट वकील कसा मिळतो, हे फळ्यावर लिहून लावा. सोडचिठ्ठीच्या बैठकीत बाप्यांइतक्याच बाया बसवा. आणि बाई आली की पहिला सवाल बदला. ‘तुझं काय चुकलं’ नव्हे. ‘तुला दुखतंय कुठं?’

मग ती बुद्धाला हात जोडो की येशूला. ते तिचं तिनं ठरवावं.

जय भीम.