थंडीतला समुद्र

माझे साडू न्यू जर्सीत असतात. त्यांच्या कंपनीचं वार्षिक अधिवेशन गेल्या नोव्हेंबरात अटलांटिक सिटीला भरलं आणि आमंत्रण सपत्नीक असल्यामुळे मेहुणीही गेली. चार दिवसांनी दोघांचा फोटो आला. मागे समुद्र, पुढे साडू. पण कानटोपी, मफलर आणि गुडघ्यापर्यंतचा कोट यांतून त्यांचं फक्त नाक दिसत होतं, तेही लाल. मेहुणी कुठली, हे ओळखायला सख्ख्या बहिणीला, म्हणजे आमच्या हिला, मिनिटभर लागलं.

"समुद्रावर जाऊन कानटोपीच घालायची, तर महाबळेश्वर काय वाईट होतं?" ही म्हणाली.

प्रश्न बिनतोड होता. बँकेत हिशेब जुळला नाही की आम्ही मागच्या नोंदी काढतो. इथेही तेच केलं.

या गावाचा जन्मच मुळी तिकिटं खपवण्यासाठी झालेला. डॉ. जोनाथन पिटनी नावाच्या गृहस्थांनी तिथली खारी हवा प्रकृतीला उत्तम म्हणून सांगितलं, भांडवलवाल्यांनी रूळ टाकले आणि 1854 साली फिलाडेल्फियासमोरच्या कॅम्डनहून गाडी सुरू झाली. माणसं आली, वाळूत हिंडली आणि तीच वाळू पायांबरोबर हॉटेलच्या गालिच्यांवर नि गाडीच्या डब्यांत घेऊन गेली. आपण अशा वेळी दारात पायपुसणं टाकतो. तिथे बोर्डमन नावाच्या रेल्वे कंडक्टरने आणि कीम नावाच्या हॉटेलवाल्याने पुढाकार घेतला आणि 1870 साली काठाकाठाने लाकडी फळ्यांचा लांबच लांब रस्ता झाला. तोच तो प्रसिद्ध बोर्डवॉक. सुरुवातीला हिवाळा आला की या फळ्या उचलून ठेवत. लग्न आटोपल्यावर मांडव सोडतात, तसं गाव सोडायचं!

फळ्या उचलता येतात हो, हॉटेलं कशी उचलणार? सीझन तीन महिन्यांचा आणि कर्जावरचं व्याज बारा महिन्यांचं. व्याजाला थंडी वाजत नाही, हे मी गेली वीस वर्षं काउंटरच्या आत बसून लोकांना सांगतो आहे. तेव्हा उन्हाळा लांबवायच्या युक्त्या निघाल्या. 1921 साली सप्टेंबरात सुंदऱ्यांची स्पर्धा भरवली, ती सुट्ट्या संपल्यावरही पाहुण्यांनी चार दिवस रेंगाळावं म्हणून. 'मिस अमेरिका' ती हीच. सौंदर्यामागेही खोल्यांचा हिशेब असतो, हे ऐकून हिला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

पण सुंदऱ्यांनी सप्टेंबर भागला, पुढचा हिवाळा? त्यावर जालीम उतारा म्हणजे अधिवेशन. अधिवेशनाला येणारा माणूस हवा पाहून येत नाही. खर्च कंपनीचा, दिवस भरपगारी, भाषणं बंद दालनात. बाहेर बर्फ पडला तर उलट बरं, कोणी पळून जात नाही. शिवाय बायको बरोबर असली की तिची खरेदी वेगळी. 1929 च्या मे महिन्यात गावाने प्रचंड अधिवेशनगृह उघडलं. पुढे त्यात 33 हजारांहून अधिक नळ्यांचा, जगातला सर्वांत मोठा ऑर्गन बसवला. ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. आमच्या खात्यात याला 'कर्जमंजुरीची वेळ चुकणे' म्हणतात.

त्याच मे महिन्यात गावात आणखी एक व्यावसायिक परिषद भरली होती. प्रतिनिधी चोरट्या दारूच्या धंद्यातले. खुद्द अल कपोन हजर. मायर लान्स्की हा त्यांच्यातला हिशेबी माणूस, नुकतं लग्न झालेलं. तो मधुचंद्र आणि परिषद एकाच भाड्यात उरकायला नव्या नवरीला घेऊन आला होता, असं सांगतात. म्हणजे साडूंची परंपरा तशी जुनी आहे. फरक इतकाच, की परतीच्या वाटेवर फिलाडेल्फियात कपोनला बेकायदा पिस्तूल बाळगल्याबद्दल अटक झाली. साडू सुखरूप पोचले.

आता खरी गंमत. आपल्याकडच्या मुलांनी मे महिन्याची सुट्टी ज्यावर घालवली, तो 'व्यापार' हा खेळ ज्या अमेरिकन मोनोपॉलीवरून आला, तिच्या पटावरची नावं याच गावातल्या रस्त्यांची आहेत. मूळ कल्पना लिझी मॅगी या बाईंची. जमीनमालक बसल्या जागी कसे गब्बर होतात हे दाखवायला त्यांनी 1904 मध्ये खेळाचं पेटंट घेतलं. 1935 साली कंपनीने ते पाचशे डॉलरांत विकत घेतलं आणि गब्बर होण्यालाच खेळ करून टाकलं.

त्या पटावर सर्वांत महाग बोर्डवॉक आणि सर्वांत स्वस्तातली, साठ डॉलरची, बाल्टिक ॲव्हेन्यू. या बाल्टिककडे कृष्णवर्णीयांची वस्ती होती. हॉटेलातल्या चादरी बदलणारे, बशा उचलणारे आणि बोर्डवॉकवर वेताच्या चाकांच्या खुर्च्यांतून पाहुण्यांना ढकलत नेणारे, ते बहुतेक इथले. गावातले पाहुणे यांनी फिरवायचे. पण यांना स्वतःला पाण्यात उतरायचं, तर पुळणीचा एक वेगळा तुकडा नेमून दिलेला. समुद्रालाही काउंटर होते!

1964 साली डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन इथेच भरलं. मिसिसिपीतल्या शेतमजूर फॅनी लू हेमर यांनी, मतदारनोंदणीच्या खटपटीपायी आपल्याला कसं झोडपलं, हे समितीपुढे सांगितलं. कॅमेरे त्यांच्यावरून हलावेत म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी तेवढ्यात स्वतःची पत्रकार परिषद घेतली. वाहिन्यांनी संध्याकाळी बाईंचं बोलणं पुन्हा दाखवलं, ते देशभर ऐकलं गेलं. त्या गावाच्या इतक्या अधिवेशनांत ऐकण्यासारखं भाषण हे एक असावं.

पुढे विमानं स्वस्त झाली, लोक फ्लोरिडाला जाऊ लागले, आणि 1978 पासून गावाने जुगाराचे अड्डे उघडून पोट भरलं. 2022 मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशनही तिथेच झालं. पण ते ऑगस्टात. मराठी माणूस खर्चापेक्षा थंडीला जास्त भितो.

हे सगळं मी रविवारी फोनवर साडूंना ऐकवलं. ते म्हणाले, "त्या ढकलायच्या खुर्च्या आहेत की अजून! आम्ही दोघं बसलो होतो. वारा असला बोचरा, की काय सांगू!"

हिने फोन माझ्या हातातून घेतला.

"अगं, आणि ढकलणाऱ्याला नव्हती का वाजत थंडी?"

"नाही," पलीकडून मेहुणी म्हणाली, "त्याने तर कोट काढून खुर्चीला अडकवला होता. घामाघूम झाला होता बिचारा."