'चायना' कुठून आली? : एका सालीची गोष्ट

आमच्या अण्णांची लाकडी पेटी आता न्यू जर्सीत माझ्या घरी आहे. आत खणाखणांत बसवलेल्या बोटभर बाटल्या आणि प्रत्येकीच्या बुचावर अण्णांच्या बारीक अक्षरातले नाव. अण्णा कोकणातल्या एका हायस्कुलात गणित शिकवायचे आणि संध्याकाळी पडवीत बसून गावाला होमिओपॅथीच्या गोळ्या द्यायचे. पैसे घेत नसत. गोळ्या गोड असल्याने आम्हा मुलांना अधूनमधून खोटी पोटदुखी व्हायची, आणि अण्णा ती खरी मानून दोन गोळ्या हातावर ठेवायचे.

त्यातल्या एका बाटलीवर लिहिले होते, 'चायना ३०'. ही चीनहून येते अशी माझी पक्की समजूत होती. १९६२ साली आपल्याशी लढलेल्या देशाचे औषध तुम्ही का देता, असे मी अण्णांना एकदा रागावून विचारल्याचे आई अजून हसत सांगते. पुढे पेटीतली इतर नावे कळत गेली तशी गंमत वाटू लागली. 'नक्स व्होमिका' म्हणजे आपल्याकडच्या रानातल्या काजऱ्याचे विषारी बी. 'कल्केरिया कार्ब' म्हणजे कालवाच्या शिंपल्यातला चुना. 'सेपिया' म्हणजे माकुलाची शाई, 'एपिस' म्हणजे मधमाशी. कोकणातल्या माणसाला अर्धी पेटी घराच्या आसपासच सापडावी! 'चायना' मात्र फार लांबून आलेली होती आणि चीनशी तिचा काही संबंध नव्हता.

हे झाड सिंकोना. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचे उतार, म्हणजे आजचे पेरू, बोलिव्हिया आणि इक्वेडोर. तिथल्या 'किना' या नावावरून युरोपात 'चायना' आणि 'क्विनाइन' हे दोन्ही शब्द झाले. त्याचे कोकणात 'कोयनेल' झाले, आणि आमच्या आजीच्या तोंडी तोच शब्द असे. हिवताप अमेरिका खंडात बहुधा कोलंबसानंतर, युरोपियन आणि आफ्रिकन माणसांबरोबर गेला. त्यामुळे ही साल मुळात हिवतापासाठी नव्हे, तर थंडीने भरणारी हुडहुडी थांबवण्यासाठी वापरली जात असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते. सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी ती युरोपात नेली. पेरूच्या व्हाइसरॉयची पत्नी, चिंचोनची काउंटेस, या सालीने बरी झाली अशी एक कथा पसरली. लिनियसने १७४२ साली तिच्या नावावरून झाडाला 'सिंकोना' म्हटले आणि त्यात नावातला एक 'एच' गाळला. पुढे विसाव्या शतकात जुने कागद तपासले तेव्हा काउंटेसच्या त्या आजारपणाला काही आधार मिळाला नाही. कथा खोटी ठरली, पण साल खरी होती. पाळीच्या तापावर ती लागू पडत होती.

का लागू पडते, हे मात्र कोणालाच कळत नव्हते. स्कॉटलंडचे नामवंत डॉक्टर विल्यम कलेन यांनी लिहिले की साल कडू आणि तुरट असते, तिने पोटाला शक्ती येते, म्हणून ताप जातो. १७९० साली लाइपझिगजवळ राहणारा एक जर्मन डॉक्टर पोटासाठी कलेन यांच्या ग्रंथाचे भाषांतर करीत होता. त्याचे नाव सॅम्युएल हानेमान. त्याला हे कारण पटले नाही. कडू आणि तुरट पदार्थ तर कितीतरी आहेत, त्यांनी ताप का जात नाही? हा प्रश्न अगदी रास्त होता. त्याने स्वतःच साल खाऊन पाहिली. दिवसातून दोनदा, दर वेळी चार ड्रॅम, म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम. हातपाय गार पडले, छाती धडधडू लागली, अंगात थरथर आली. जणू पाळीचा तापच! यावरून त्याने ताडले की निरोगी माणसात जे औषध एखादी लक्षणे उत्पन्न करते, ते तशाच लक्षणांचा रोग बरा करते. १७९६ साली त्याने हे तत्त्व मांडले आणि १८१० साली 'ऑर्गॅनॉन' हा ग्रंथ लिहिला. होमिओपॅथीची सगळी इमारत या सालीच्या प्रयोगावर उभी आहे.

गोम अशी की सिंकोना जास्त घेतल्यावर बहुतेकांच्या कानात गुणगुण होते, मळमळते, चक्कर येते. हिवताप होत नाही. एका माणसाने, एकदा, स्वतःवर केलेला तो प्रयोग होता. पण हानेमानला हसणे सोपे आहे. त्याच काळात अमेरिकेत, १७९९ साली, घसा सुजलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या अंगातून डॉक्टरांनी एका दिवसात काही पाइंट रक्त काढले आणि ते गेले. अशा उपचारांपुढे गोड गोळी आणि विश्रांती केव्हाही बरी. हानेमानच्या रोग्यांना निदान डॉक्टरपासून धोका नव्हता.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. २००५ सालच्या पावसाळ्यात मी अण्णांच्या साठीशांतीला गावी गेलो होतो. पीएच.डी.चे तिसरे वर्ष होते. निघताना अण्णांनी चार बाटल्यांची पुरचुंडी बरोबर दिली. परत आल्यावर तीनेक आठवड्यांनी एका दुपारी अशी हुडहुडी भरली की दोन रजया पुरेनात. मग ताप, मग दरदरून घाम. मला पाळीच्या तापाचे औषध आठवले. 'चायना ३०' घेतली आणि दुसऱ्या दिवशी ठणठणीत! तिसऱ्या दिवशी पुन्हा थंडी वाजली, पुन्हा गोळ्या घेतल्या, पुन्हा दुसऱ्या दिवशी बरा. औषध लागू पडते आहे, फक्त आजार चिवट आहे, असे मी रूममेटला समजावले. चौथ्या पाळीला त्या तेलुगू पोराने माझे काही न ऐकता मला गाडीत घातले. दवाखान्यात रक्त तपासले तर हिवताप, व्हायवॅक्स जातीचा. क्लोरोक्विन आणि नंतर प्रायमाक्विन घेऊन मी बरा झालो. हाच फाल्सिपेरम जातीचा असता, तर त्या सात दिवसांत हा लेख लिहायला मी उरलो नसतो, अशी दाट शक्यता आहे.

वाचकहो, व्हायवॅक्सचा ताप एक दिवस येतो आणि एक दिवस विश्रांती घेतो, तो कोणत्याही गोळीशिवाय. मी मात्र दर पाळीला गोळी घेत होतो आणि दर विश्रांतीला तिला श्रेय देत होतो. त्या सत्रात मी विद्यार्थ्यांना सिग्नल प्रोसेसिंग शिकवत होतो. चढउतार होणारी गोष्ट आपल्या सोयीच्या क्षणी मोजली तर काय घोटाळा होतो, हे फळ्यावर काढून दाखवत होतो!

बरा झाल्यावर मी गणित मांडले. '३०' याचा अर्थ असा : मूळ अर्काचा एक भाग आणि पाणी-अल्कोहोलचे नव्व्याण्णव भाग मिसळायचे, त्यातला एक भाग पुन्हा नव्व्याण्णवात, असे तीस वेळा. म्हणजे एकावर साठ शून्ये इतके पातळ. बाराव्या पायरीलाच मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरला तर उरला. पृथ्वीवरच्या सगळ्या पाण्यातल्या रेणूंची संख्या सुमारे सत्तेचाळीस आकडी आहे. इथे तर एक रेणू सापडायला एकसष्ट आकडी संख्या हवी. हानेमान १८४३ साली पॅरिसला वारले. रेणूंचा आकार पहिल्यांदा अंदाजला गेला तो १८६५ साली, लोश्मिटकडून. त्यांना हे कळायला मार्ग नव्हता. आपल्याला मात्र आहे.

हा कागद मी अण्णांना पाठवला. गणिताच्या मास्तरांनी शून्ये दोनदा मोजली. फोनवर म्हणाले, "शून्यं बरोबर आहेत." थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "अरे, पण पेटीच्या झाकणावर आतून काय लिहिलंय ते कधी वाचलं नाहीस का तू?"

ते काय, ते शेवटी सांगतो. आधी त्या सालीचा दुसरा रस्ता पाहू. १८२० साली पॅरिसमध्ये पेल्तिए आणि कावाँतू या दोघांनी सालीतून क्विनाइन वेगळे काढले आणि त्याची कृती जगाला मोकळी करून दिली. साल चांगली-वाईट, भेसळीची असू शकते. क्विनाइन तोलून देता येते. इथे रस्ते फुटले. एका रस्त्यावर औषध अधिकाधिक शुद्ध आणि मोजके झाले, दुसऱ्यावर अधिकाधिक पातळ. १८६० च्या सुमारास क्लेमेंट्स मार्कहॅमने अँडीजमधून आणवलेली सिंकोनाची रोपे निलगिरीत लागली. १८६५ साली बोलिव्हियाच्या मान्वेल इन्क्रा मामानीने शोधलेले उत्तम बी चार्ल्स लेजरने ब्रिटिश सरकारला देऊ केले. सरकारने नाकारले. डचांनी एक पौंड विकत घेऊन जावात लावले आणि पुढे जगाचा क्विनाइनचा बाजार हाती घेतला. मामानीला मात्र बी देशाबाहेर दिल्याबद्दल तुरुंगात मारहाण झाली आणि त्यातच तो गेला. १८८० साली लाव्हराँने हिवतापाचे जंतू रक्तात पाहिले, १८९७ साली रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला ते डासाच्या पोटात पाहिले. कलेन आणि हानेमान या दोघांच्याही प्रश्नाचे उत्तर तेव्हा मिळू लागले. औषध पोटाला शक्ती देत नाही आणि तापासारखा ताप आणून ताप घालवत नाही. ते जंतूला मारते.

पहिला रस्ताही ओस पडला नाही. आपल्याकडे कलकत्त्याच्या डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८६७ साली होमिओपॅथीचा उघड स्वीकार केला आणि सहव्यवसायिकांचा रोष ओढवून घेतला. याच गृहस्थांनी १८७६ साली विज्ञानाच्या संशोधनासाठी जी संस्था काढली, तिथेच १९२८ साली सी. व्ही. रामन यांना त्यांचा 'परिणाम' सापडला. माणसे अशी एका रेघेत बसत नाहीत! इथे अमेरिकेत १९०० साली वॉशिंग्टनला हानेमानचे स्मारक उभे राहिले, ते आजही पाहता येते. २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यक परिषदेने शेकडो अभ्यास चाळून सांगितले की होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही रोगाबाबत नाही. २००६ साली लंडनमध्ये आफ्रिकेला निघालेल्या प्रवाशांना हिवताप टाळण्यासाठी अशाच गोळ्या सुचवल्या जात असल्याचे उघड झाले. तेव्हा त्यावर कडाडून टीका करणाऱ्यांत स्वतः होमिओपॅथीचे नामवंत डॉक्टर पीटर फिशर होते.

आणि चीन? माझी लहानपणची समजूत अगदीच वाया गेली नाही. हिवतापाचे पुढचे मोठे औषध खरोखरच चीनहून आले. चौथ्या शतकातल्या ग hong यांच्या वैद्यकग्रंथात 'छिंगहाव' नावाची वनस्पती गार पाण्यात भिजवून पिळायला सांगितली आहे. उकळल्याने गुण जात असावा, हे तू यूयू यांनी त्यावरून ओळखले आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातून आर्टेमिसिनिन काढले. २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले. जुन्या ग्रंथाला मान देणे म्हणजे काय, ते मला इथे दिसते : वाचायचे, मग तपासायचे.

गेल्या वर्षी मुलांना घेऊन पावसाळ्यात गावी जायचे ठरले. डॉक्टरांकडून हिवताप टाळण्याच्या गोळ्या आणल्या, तेव्हा पेटीशी खेळणाऱ्या मुलीने विचारले, "बाबा, मग आजोबा लोकांना खोटं औषध द्यायचे का?" अण्णांना जाऊन आता चार वर्षे झाली. मला चटकन उत्तर देता येईना. मी तिला पेटीचे झाकण उघडून दाखवले. आतल्या बाजूला, पिवळ्या पडलेल्या कागदावर, तिच्या आजोबांच्या अक्षरात लिहिले आहे : 'तीन दिवसांवर ताप – सरकारी दवाखाना. मूल असेल तर आजच.'

तिला मराठी वाचायला वेळ लागतो. तिने ते एकेक अक्षर लावत वाचले. मग विचारले, "आणि कोणाकडे जायला पैसे नसले तर?" मी सांगितले, एसटीचे भाडे अण्णा द्यायचे. पडवीत ते माणसाशेजारी तासभर बसायचे, भूक कशी लागते, झोप कशी येते ते विचारायचे आणि वहीत लिहून ठेवायचे. त्या तासाचा गुण गोळीच्या नावावर जमा होत असे, एवढेच.

पेटी दिवाणखान्यातल्या फडताळात ठेवली आहे. गोळ्या मात्र प्रवासाच्या बॅगेत दुसऱ्याच जातात.