औषधाची येण्याजाण्याची वाट

अंकगणितांत हौदाचें एक उदाहरण असतें. एका नळानें पाणी येतें, दुसऱ्यानें जातें. तर हौद किती वेळांत भरेल? तें मी अनेक वर्षें मुलांकडून सोडवून घेतलें. परंतु रोग्याच्या शरीरांत औषधाचेंहि हेंच गणित चालतें, हें मला फार उशिरां उमगलें.

१९४१ च्या फेब्रुवारींत ऑक्सफर्ड येथें एका पोलिसास पेनिसिलिन टोंचण्यांत आलें. तो सुधारूं लागला. परंतु औषध कांहीं तासांतच मूत्रावाटे निघून जाई. आणि सांठा इतका अल्प कीं, तें मूत्र जपून ठेवीत, त्यांतून औषध परत काढीत व पुन्हा टोंचीत. अखेर सांठा संपला आणि मार्चमध्यें तो मनुष्य दगावला. मूत्रपिंडांची तत्परता हीच त्या काळीं वैद्यांची तक्रार होती! पुढें १९५४ सालीं आपल्या पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व पेनिसिलिन येथेंच बनूं लागलें.

पण जाण्याचा नळच तुंबला तर? मूत्रपिंडें निकामी झालीं म्हणजे औषध रक्तांत सांचतें. १९६३ सालीं उजेडांत आलेलें जेंटामायसिन असें सांचलें, तर रोगजंतूंबरोबर रोग्याची श्रवणशक्ति व तोलहि घेऊन जातें.

तुंबलेल्या नळास पर्याय म्हणून पोटाच्या आंतील आवरणाचा उपयोग जर्मनींत गांटर यांनीं १९२३ मध्यें करून पाहिला. पोटांत क्षारयुक्त पाणी सोडावें, रक्तांतील मळ आवरणांतून त्यांत झिरपूं द्यावा, व तें पाणी काढून घ्यावें. १९४६ सालीं बोस्टन येथें या रीतीनें एक रोगी वाचला; त्याचीं मूत्रपिंडें बंद पडलीं होतीं तीं सल्फा औषधानेंच. १९६८ मध्यें टेंकहॉफ यांची कायमची नळी आली, आणि १९७६ नंतर पॉपोविच व मॉनक्रीफ यांच्या पद्धतीनें रोगी आपल्या घरीं, आपल्या हातानें हें करूं लागला.

आमच्या धाराशिव जिल्ह्यासारख्या अवर्षणाच्या मुलखांत या रीतीचें मोल निराळें सांगावयास नको. यंत्रावर रक्त शुद्ध करावयाचें तर प्रत्येक खेपेस शंभराहून अधिक लिटर पाणी खर्ची पडतें, आणि आठवड्यांत दोन-तीनदां यंत्र असेल तेथें जावें लागतें. येथें बहुधा दोन-दोन लिटरच्या चार पिशव्यांवर दिवस निभावतो.

धोका एकच मोठा. नळीवाटे जंतु शिरले कीं पोट दुखतें, बाहेर येणारें पाणी गढूळ होतें. अशा वेळीं अँटिबायोटिक शिरेंतून न देतां पिशवींतच मिसळून पोटांत सोडणें अधिक पसंत करतात; म्हणजे मळ जाण्याची जी वाट, तीच औषध येण्याचीहि झाली. आणि मौज अशी कीं, सुजलेलें आवरण औषध अधिक शोषतें. व्हॅन्कोमायसिन हें बोर्निओच्या मातींतील जंतूपासून निघालेलें, १९५८ पासून वापरांतील औषध. निरोगी आवरणांतून त्याचा सुमारें निम्मा भाग रक्तांत जातो. सूज असतां नव्वद टक्क्यांपर्यंत. त्यासाठीं पाणी निदान सहा तास पोटांत राहावें लागतें. रक्तांत गेलेलें औषध पुढच्या पिशव्यांत हळूंहळूं परत झिरपतें, म्हणून पुढील मात्रा पांच ते सात दिवसांनीं पुरते. घाईनें पाणी काढलें, तर औषध मोरींत गेलें असें समजावें.

अजून एक गोष्ट. कित्येक रोग्यांस थोडी लघवी होतच असते. जुना नळ पुरता बंद झालेला नसतो. त्यांच्या शरीरांतून औषध लवकर ओसरतें, मात्रेचें अंतर कमी करावें लागतें, कधीं रक्तांतील प्रमाण तपासावें लागतें. म्हणून डॉक्टर आधीं विचारतात, "दिवसाला लघवी किती होते?" आणि आमच्याकडील वडीलधारीं माणसें, विशेषतः बायका, संकोचानें "होते थोडीशी" एवढेंच सांगतात. भांड्यानें मोजून सांगावें.