अनारकलीचा जीव आणि बादशहाची दया

'मुघल-ए-आझम' हा अनारकलीचा सिनेमा आहे असं आपण समजत आलो. पण नाव नीट वाचा. 'मुघल-ए-आझम' म्हणजे थोर मुघल, म्हणजे अकबर. जिला भिंतीत चिणायचं आहे तिचं नाव शीर्षकात नाही. चिणायचा हुकूम देणाऱ्याचं आहे. ज्या नाटकातून ही कथा पडद्यावर आली, त्याचं नाव मात्र 'अनारकली' होतं. दोन नावांमधलं हे अंतर साधं नाही.

ते उर्दू नाटक लाहोरच्या इम्तियाज अली ताज यांनी १९२२ मध्ये लिहिलं. ताज यांची आई मुहम्मदी बेगम 'तहजीब-ए-निस्वाँ' हे स्त्रियांचं साप्ताहिक संपादित करत असत, १८९८ पासून. अशा घरात वाढलेल्या माणसाने राजवाड्यातल्या दासीला नायिका केलं, यात मला नवल वाटत नाही. नाटकाचा शेवट सरळ आहे. अनारकली जिवंत चिणली जाते. बादशहाच्या मनाची तगमग नाटकात आहे, पण ती तगमग तिला वाचवत नाही.

आता इतिहास. ताज यांनी स्वतःच प्रस्तावनेत सांगून टाकलंय की या कथेला ऐतिहासिक आधार सापडत नाही. अबुल फजलच्या 'अकबरनाम्या'त ती नाही, जहांगीरच्या आत्मचरित्रातही नाही. विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी १६११ च्या सुमारास लाहोरला होता. त्याने तिथल्या एका कबरीची नोंद केली, पण त्याच्या लेखी ती बाई दासी नव्हती, अकबराचीच बायको होती. लाहोरला 'अनारकलीची कबर' आजही उभी आहे. इंग्रजांच्या काळात तिचं चर्च झालं, मग सरकारी दफ्तर. आज तिथे पंजाबचं अभिलेखागार आहे. जिची एक ओळ दरबारी कागदात नाही, तिच्या नावाच्या इमारतीत सरकारचे कागद ठेवलेत.

म्हणून 'हे खरंच घडलं का' या वादात मी पडत नाही. गुलाम बाईचं नाव दरबाराचा इतिहासकार लिहीत नसतो. पेशवाईतल्या 'बटकी' आणि 'कुणबिणी' आपल्याला भेटतात त्या मुख्यतः व्यवहाराच्या कागदांत, मालमत्ता म्हणून. कथा खोटी असली तरी ती कोणी कशी बदलली, हे मात्र तपासता येतं.

के. आसिफ यांचा सिनेमा ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईत मराठा मंदिरला लागला. चित्रपट एक वेळ फाळणीत अडकला, पैसा लावणारे शिराज अली हकीम पाकिस्तानात गेले, मग शापूरजी पालनजी यांनी पैसा लावला. खर्च दीड कोटीच्या घरात गेल्याचं सांगतात. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत शीशमहाल उभा राहिला. मुकुट कोल्हापूरच्या कारागिरांनी घडवले, जरीकाम सुरतचं, जोडे आग्र्याचे. (जोडे शिवणाऱ्यांची नावं मात्र श्रेयनामावलीत शोधू नका.)

आणि या सगळ्या वैभवात शेवट बदलला. सिनेमातही भिंत उभी राहते. पण भिंतीखाली भुयार आहे. अकबर अनारकलीला गुपचूप सोडून देतो, कारण सलीमच्या जन्माची बातमी आणणाऱ्या तिच्या आईला त्याने एकदा शब्द दिलेला असतो. अट एकच: आईला घेऊन राज्याबाहेर जायचं आणि सलीमला आपण जिवंत आहोत हे कधी कळू द्यायचं नाही.

मित्रांनो, इथे थांबा. तिला सोडलं ते तिचा गुन्हा नव्हता म्हणून नाही. माणूस म्हणून तिला प्रेम करायचा हक्क आहे म्हणूनही नाही. बादशहाच्या जुन्या देण्यातून ती सुटली. म्हणजे न्यायही त्याचा, दयाही त्याची, शब्द पाळल्याचा मोठेपणाही त्याचाच. नाटकात जो खून होता, तो सिनेमात उपकार झाला.

असं का केलं? सिनेमा सुरू होतो तो हिंदुस्थानच्या आवाजाने. देश स्वतः बोलतो आणि अकबराला आपला म्हणतो. स्वातंत्र्याला तेरा वर्षं झाली होती, फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. सगळ्यांना सामावून घेणारा बादशहा त्या देशाला हवा होता, आणि असा बादशहा खुनी असून चालणार नव्हता. आज मुघलांचं नाव पाठ्यपुस्तकांतून खोडणारे लोक आहेत. त्यांच्या सुरात माझा सूर नाही. जन्माष्टमी साजरी करणारा अकबर दाखवायची हिंमत आसिफ यांच्यात होती, तिला माझा सलाम. पण सहिष्णू राजासुद्धा राजाच असतो. धर्म ओलांडणारा अकबर दासी आणि शहजादा यांच्यातली रेघ ओलांडू देत नाही.

सिनेमाला हे कळत नव्हतं असंही नाही. अनारकली पहिल्यांदा दिसते ती पुतळा म्हणून. मूर्तिकाराचं काम पुरं झालेलं नसतं, म्हणून तिला दगडासारखं उभं केलं जातं. सलीम बाण मारून पडदा उघडतो आणि ती हलत नाही. बादशहा खूश होऊन तिला 'अनारकली' हे नाव देतो. तिचं स्वतःचं नाव नादिरा होतं, तेही तिथेच संपलं. आणि तिचा घात करते ती बहार, तीही महालातलीच बाई, मलिका होण्याचं स्वप्न पाहणारी. वरच्याला हात लावायचा नाही, पण शेजारणीला खाली ढकलायचं. हा मुघल दरबार आहे, जातीचं गाव नव्हे, हे मान्य. तरी बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणून जे सांगितलं ते ज्याने वाचलंय, त्याला बहार ओळखायला वेळ लागणार नाही.

बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात मांडलं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्यासाठी बाईवर पहारा बसतो. १९२७ मध्ये महाडला आपण चवदार तळ्यावर गेलो ते कोणाच्या मेहरबानीचं पाणी प्यायला नाही. आसिफ यांचे सेट उभे राहत होते त्याच दशकात, १९५१ मध्ये, हिंदू कोड बिल अडवलं गेलं म्हणून बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. १९५४ मध्ये विशेष विवाह कायदा आला. सज्ञान मुलगा-मुलगी, साक्षीदार आणि विवाह अधिकारी. त्यात बादशहाची जागा नाही.

पण नोटिशीची आहे. लग्नाआधी तीस दिवस नावं कार्यालयात लावायची आणि हरकतींची वाट बघायची. आंतरजातीय लग्न करू पाहणाऱ्या पोरांबरोबर मी काम करतो. त्या तीस दिवसांत घरचे येतात, भावकी येते, कधी धमकी, कधी रडारड. आणि सगळ्यात 'चांगला' निकाल लागतो तो हा: "जा, सोडलं तुम्हाला. पण गावात पाय ठेवायचा नाही, आणि आम्हाला तोंड दाखवायचं नाही." गावात यालाच समजूतदारपणा म्हणतात. पोरीच्या बापाने मन मोठं केलं, असं चारचौघांत कौतुकही होतं. पोरगी मात्र शहरात कुठेतरी भाड्याच्या खोलीत, आईचा फोन यायची वाट बघत असते.