प्लगला करंट येत नाही : पद्मिनी आणि ठिणगीचा माग #धागा

डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ रस्त्यावर, प्रीमियर मैदान आहे. आपल्यापैकी अनेकांना ते सभांमुळे ठाऊक असेल. हे नाव आले ते प्रीमियर ऑटोमोबाइल्स या मोटार कंपनीवरून.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मुंबई-ठाण्याची काळी-पिवळी म्हणून डोळ्यांसमोर येते ती हीच.

आजचा धागा कंपनीविषयी कमी आणि एका तक्रारीविषयी अधिक आहे. सेल मारला की इंजिन फिरते, पण गाडी चालू होत नाही. मिस्त्री म्हणतो, “प्लगला करंट नाय.” हा निष्कर्ष तो कसा काढत असे?

पद्मिनीची प्रज्वलनपद्धती मुळात अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग याची. १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती प्रथम आली आणि पुढे जवळजवळ सात दशके जगभरच्या पेट्रोल गाड्या तिच्यावर चालल्या. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये जातात. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की तो प्रवाह अकस्मात तुटतो आणि त्या तुटण्यातूनच कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. फिरता रोटर हा दाब १-३-४-२ या क्रमाने चार प्लगांकडे पोहोचवतो. प्रवाह तोडल्याने ठिणगी मिळते, हे मला आजही विलक्षण वाटते.

मिस्त्रीचा शोध उलट दिशेने, प्लगकडून बॅटरीकडे, चाले. प्लग काढायचा, वायरला जोडून त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवायचा, कोणाला तरी सेल मारायला सांगायचे. निळी, कडकडणारी ठिणगी दिसली तर सहसा दोष पेट्रोलकडे. दिसली नाही, तर कॉइलहून येणारी मधली वायर डिस्ट्रिब्युटर कॅपमधून उपसून तिचे टोक इंजिनच्या धातूपासून काही मिलिमीटरवर धरायचे. तिथे ठिणगी असेल तर वाट रोटर, कॅप किंवा प्लगच्या वायरीत अडली आहे. तिथेही नसेल तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, नाहीतर थेट बॅटरीकडून येणारी वायर.

बहुधा गुन्हेगार पॉइंटच निघत. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. ती फिलर गेजने मोजावी हा नियम. रस्त्याकडेला हॅक्सॉच्या पात्यावरही भागे. जळून काळवंडलेले पॉइंट पॉलिश पेपरने घासले की तात्पुरते काम होई. मात्र ते वारंवार जळत असतील तर जाणता मिस्त्री कंडेन्सर बदलत असे, कारण पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडू नये हे कंडेन्सरचे काम.

आणि आपला पावसाळा! पाणी साचलेल्या रस्त्यावरून गेले की डिस्ट्रिब्युटर कॅप दमट होई. ओलावा आणि धूळ यांतून उच्च दाबाला प्लगपेक्षा सोपी वाट सापडे आणि ठिणगी मध्येच कुठेतरी गळून जाई. कॅपला सूक्ष्म तडा असेल तर विचारायलाच नको. म्हणून भर पावसात बॉनेट उघडून कोरड्या फडक्याने कॅप पुसणारा टॅक्सीवाला हे इथले नित्याचे दृश्य होते.

या ज्ञानाचा मोठा भाग कागदावर कधी उतरलाच नाही. कंपनीची पुस्तिका पॉइंटची फट सांगते. ठिणगीच्या रंगावरून आणि आवाजावरून काय ओळखायचे हे उस्तादाशेजारी उभे राहूनच कळे. आज पॉइंटच उरलेले नाहीत. क्रँक सेन्सरचा संकेत घेऊन ठिणगीची वेळ संगणक ठरवतो आणि मिस्त्री आधी स्कॅनर जोडतो. जुनी रीत या गाड्यांवर वापरणे तर धोक्याचेच : मोकळ्या सोडलेल्या उच्च दाबाने महागडे इलेक्ट्रॉनिक्स जळू शकते.

प्रीमियरच्या कल्याणच्या कारखान्यात नव्वदीच्या दशकात प्युजो ३०९ बनू लागली. (तिच्या डिझेल आवृत्तीला ठिणगीची गरजच नव्हती.) ती भागीदारी काही वर्षांतच मोडली. पद्मिनीचे उत्पादनही शतकाच्या वळणावर थांबले. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत एकही पद्मिनी टॅक्सी राहिली नाही.

तुमच्या घरात किंवा गल्लीत पॉइंट लावणारे कोणी असेल, तर त्यांचे बोलणे रेकॉर्ड करून ठेवा. त्यांचे शब्दही तसेच राहू द्या.