काऊन पडलं?

कापसाच्या चुकाऱ्यातून बाबांनी पैसे दिले आणि मी रिमोटचं हेलिकॉप्टर घेतलं. पहिल्याच संध्याकाळी, पऱ्हाटी उपटलेल्या वावरात, ते तीनदा पडलं. नाक माझ्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं. हातांना ते कळत नाही. तिसऱ्यांदा पातं मोडलं. मला बाबांकडे बघवेना. ते म्हणाले, "पडलं तं पडलं. काऊन पडलं, ते पाय."

अमेरिकेतल्या आर्थर यंगनं हेच केलं. १९२८पासून तो लहान मॉडेलं करून बघत होता. खरं हेलिकॉप्टर पडलं तर माणूस जातो. मॉडेल पडलं तर पुन्हा जोडता येतं. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले, तेव्हाही तिकडे यंगचे प्रयोग चालूच होते. उपाय सापडला तो पात्यांना काटकोनात बसवलेल्या, टोकांना वजनं असलेल्या दांडीत. फिरती दांडी भोवऱ्यासारखी आपली पातळी सोडत नाही. यंत्र कललं की तीच पात्यांचा कोन बदलून त्याला सावरते. १९४१ साली तो मॉडेल घेऊन बेल कंपनीत गेला. त्यातून घडलेल्या 'बेल ४७'ला ८ मार्च १९४६ रोजी नागरी वापराचं प्रमाणपत्र मिळालं. हेलिकॉप्टरला मिळालेलं ते जगातलं पहिलं.

तशीच दांडी माझ्या हेलिकॉप्टरच्या डोक्यावर आहे. मी त्याला खऱ्याची नक्कल समजत होतो. इथे तर खरंच मॉडेलातून आलं होतं.

नवं पातं बसवलंय. शेपूट माझ्याकडे ठेवून, गुडघाभर उंचीवर, सध्या फक्त एका जागी थांबायला शिकतोय.