१२ ऑक्टोबर १९३५ : शिवराज पाटील चाकूरकर यांचा जन्म

लातूरच्या कोर्टात वकिली करणारा माणूस पुढे लोकसभेच्या अध्यक्षपदी बसला. शिवराज पाटील यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९३५ रोजी, तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या चाकूरमध्ये झाला. हैदराबादला पदवी आणि मुंबईला कायद्याचे शिक्षण घेऊन ते लातूरला परतले. १९६७ मध्ये ते नगराध्यक्ष झाले. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होते. लातूर वेगळे झाले ते १९८२ मध्ये.

आधी आमदार, मग विधानसभेचे अध्यक्ष. १९८० ते १९९९ या काळात लातूरने त्यांना सलग सात वेळा लोकसभेत पाठवले.

त्यांची खरी कामगिरी मात्र मंत्रिपदापेक्षा लोकसभेच्या अध्यक्षपदाची. १९९१ ते १९९६ या त्यांच्या कारकिर्दीत, १९९३ मध्ये, खात्यांशी संलग्न १७ स्थायी समित्या उभ्या राहिल्या. त्यामुळे मंत्रालयांच्या अनुदान मागण्यांची छाननी खासदार बारकाईने करू लागले. गोंगाटाच्या सभागृहात त्यांचा सूर सहसा चढत नसे.

२००४ मध्ये लातूरने त्यांना हरवले, तरी राज्यसभेतून ते केंद्रीय गृहमंत्री झाले. दिल्लीतील बॉम्बस्फोटांच्या दिवशी वारंवार कपडे बदलल्यावरून त्यांच्यावर टीका झाली; मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर ३० नोव्हेंबर २००८ रोजी त्यांनी राजीनामा दिला. पुढे २०१० ते २०१५ या काळात ते पंजाबचे राज्यपाल होते. १२ डिसेंबर २०२५ रोजी लातूरमध्येच त्यांचे निधन झाले.